सातवी तुंबडी

युनशी गावात पुरुषाची पाठ ही त्याची खासगी बाब नव्हती. कालव्याच्या जुन्या धक्क्यामागे जे सार्वजनिक न्हाणघर होते, तिथे दुपारी तीन वाजता साठीपुढचे बहुतेक पुरुष कपडे उतरवून गरम पाण्याच्या हौदात बसत, आणि ज्याची त्याची पाठ सर्वांना वाचता येई. कुणाच्या कमरेवर औषधी पट्टी चिकटवली आहे, कुणाच्या मानेवर शिंगाच्या पट्टीने खरवडल्याचे लाल ओरखडे आहेत, कुणाच्या पाठीवर तुंबड्यांची वर्तुळे उमटली आहेत आणि ती गुलाबी आहेत की जांभळी, यावरून त्या माणसाचा गेला पंधरवडा कसा गेला ते कळे. वर्तुळ जितके काळे तितका आत ओलावा जास्त, रक्त साचलेले जास्त, हे इथे कुणाला समजावून द्यावे लागत नसे. वर्तुळांच्या मांडणीवरून ती कुणाच्या हातची आहेत हेही ओळखता येई. अंग घासणारा तुंग तर ते ओल्या कापडाखाली नुसत्या बोटांनी ओळखी.

सर्वांत सहज ओळखू येई ती डॉक्टर पेई शौयी यांची मांडणी. पेईंचे वय एकाहत्तर. धक्क्याजवळच्या गल्लीत त्यांचा दवाखाना अडतीस वर्षे चालू होता. ते मुख्यतः सुया टोचत, पण नुसत्या सुईने भागते असे त्यांनी कधीही म्हटले नव्हते. सुई वाट मोकळी करते, पण वाटेतला गाळ उपसायला तुंबडी लागते आणि हाडातली थंडी घालवायला नागदवण्याच्या जळत्या कांडीची धग लागते, असे ते प्रत्येक रोग्याला सांगत. त्यांच्या तुंबड्या बांबूच्या होत्या. त्या औषधी काढ्यात उकळायच्या, चिमट्याने बाहेर काढायच्या, पाणी झटकायचे आणि गरम आहेत तोवर पाठीवर दाबायच्या. कण्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन, आणि सातवी मानेखाली. ही सातवी तुंबडी नेमकी मध्यावर न बसता बोटभर डावीकडे बसे. का, ते पेईंनी कधी सांगितले नव्हते. त्यामागे काही तरी खोल शास्त्र असावे असे लोकांनी धरले होते आणि पेईंनी तो समज खोडून काढला नव्हता.

"बघा," हौदात उभे राहून ते ब्येनच्या पाठीकडे बोट दाखवत. ब्येन हा कालव्याच्या दारांवरचा निवृत्त रखवालदार. पेईंचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र. "किती दिवस झाले रे ब्येन?"

"अठरा," ब्येन म्हणे.

"अठरा दिवस! आणि डाग कालच्यासारखा. प्लास्टिकच्या पेल्याचा डाग पाचव्या दिवशी पुसतो. का? कारण पेला कातडी ओढतो. बांबू आतलं ओढतो. काय मास्तर?"

"खरं आहे," च्याओ मास्तर म्हणत आणि हनुवटीपर्यंत पाण्यात बुडत. ते गावच्या शाळेत भूगोल शिकवत असत. निवृत्तीनंतर त्यांनी वाद घालणे सोडले होते.

पाच वर्षांपूर्वीपर्यंत पेई नऊ दिवसांची खात्री देत. मग त्यांनी काढ्यात करडईची फुले घालायला सुरुवात केली, आणि थोड्याच दिवसांत मित्रांच्या पाठींवरचे डाग वीस-वीस दिवस टिकू लागले. या शोधावर त्यांनी एका वैद्यकीय मासिकाकडे लेखही पाठवला होता. तो छापून आला नव्हता, पण परतही आला नव्हता.

प्लास्टिकचे पेले फांगचे होते. फांग रुईशंग हा पेईंचा एकेकाळचा शिष्य. नऊ वर्षे त्याने पेईंच्या हाताखाली काढली होती. एके दिवशी तो पारदर्शक पेल्यांचा आणि हवा ओढायच्या पंपाचा संच घेऊन आला आणि पेईंनी त्याला त्याच दिवशी काढून टाकले. त्यानंतर त्यांनी न्हाणघरात जाहीर केले की, ज्याच्या पाठीवर फांगची वर्तुळे दिसतील त्याने आपल्या दवाखान्याची पायरी चढू नये. या गोष्टीला चौदा वर्षे झाली होती. फांगने बस स्टँडजवळ स्वतःचा दवाखाना थाटला. दहा पेले, दोन सरळ रांगा, पट्टीने आखल्यासारख्या. स्टँडवरचे ड्रायव्हर आणि बाहेरगावचे लोक त्याच्याकडे जात. न्हाणघरातल्या एकाही पाठीवर त्या रांगा कधी दिसल्या नाहीत, आणि याचा पेईंना मनातून अभिमान होता.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी पेईंचा उजवा खांदा धरला.

औषधांच्या कपाटाचा सर्वांत वरचा खण हाताला लागेनासा झाला, तेव्हा ते प्रथम लक्षात आले. खरे तर हात कित्येक दिवस जड झाला होता, पण जडपणाला माणूस नाव देत नाही. बायको सूचन दारात उभी राहून पाहत होती.

"म्हाताऱ्या, तूच म्हणाला होतास," ती म्हणाली. "ज्या दिवशी वरचा खण लागणार नाही, त्या दिवशी दवाखान्याला कुलूप."

"खण फुगलाय. हवेने."

"हिवाळ्यात?"

पेईंनी कपाटाकडे पाठ फिरवली. तीन आठवड्यांवर वर्षातला सर्वांत लहान दिवस आला होता. त्या दिवशी गावातले शंभर-सव्वाशे लोक पाठीवर औषधी पट्ट्या लावून घ्यायला गल्लीत रांग धरत. अडतीस वर्षांत एकदाही ती रांग दुसऱ्या दारापुढे लागली नव्हती. शंभर पाठींवर पट्ट्या लावायच्या, म्हणजे शंभर वेळा हात उचलायचा आणि तोही सर्वांच्या देखत. ज्या वैद्याला स्वतःचा खांदा बरा करता येत नाही, त्याच्यापुढे पुढल्या वर्षी रांग लागणार नाही, हे सांगायला सूचनची गरज नव्हती.

त्यांनी जमेल ते सारे केले. खांद्यासाठी जी सुई पायाच्या नडगीजवळ टोचतात ती स्वतःच टोचली. सूचनकडून नागदवण्याच्या कांडीचा शेक घेतला. शिंगाच्या पट्टीने मान खरवडून घेतली, ती आठवडाभर कोंबड्याच्या तुऱ्यासारखी लाल राहिली. पण खरे दुखणे होते खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला, आणि तिथे स्वतःचा हात पोचत नाही. तिथे तुंबडीच हवी होती.

"तू लाव," ते सूचनला म्हणाले.

"तुझ्या त्या उकळत्या नळ्यांना मी हात लावणार नाही. तुझ्या धाकट्या भावाच्या पाठीवर माझ्या हातून फोड आला, तो अजून माझ्याशी बोलत नाही."

"तो तसाही कुणाशी बोलत नाही."

"मग दुसरं कुणी शोध," सूचन म्हणाली. गावात दुसरा माणूस एकच आहे, हे दोघांनाही माहीत होते, म्हणून विषय तिथेच थांबला.

बाजाराच्या दिवशी, भर जेवणाच्या वेळी, कानटोपी आणि तोंडावर पट्टी लावून पेई बस स्टँडवर गेले. फांगचा दवाखाना रिकामा होता. फांग नूडलचा वाडगा बाजूला ठेवून उठून उभा राहिला. तो आता बावन्न वर्षांचा झाला होता आणि डोक्यावरचे केस कानांपर्यंत मागे हटले होते.

"उस्ताद," तो म्हणाला.

"मी इथून चाललो होतो."

"हो. बस इथूनच सुटते."

"बसला अर्धा तास आहे."

"मग बसा. आत शेगडी आहे. कोट काढा."

कोट निघेना. फांगने काही न विचारता आधी डावी बाही सोडवली, मग कोट पाठीवरून फिरवून उजव्या हातावरून खाली सरकवला. खांदा धरलेल्या माणसाचा कोट असा काढायचा असतो, हे त्याला पेईंनीच शिकवले होते.

"किती दिवस झाले, उस्ताद?"

"कशाला?"

"केस विंचरता येत नाहीत त्याला."

"केस राहिलेत कुठे? तू तुझं बघ."

फांग हसला नाही, पण सुया काढताना त्याची मान जरा खाली गेली. त्याने चार सुया टोचल्या. पेईंनी प्रत्येक सुईला मनात गुण दिले आणि कुठेच गुण कापता येत नाहीत हे पाहून त्यांना वाईट वाटले.

"तुंबड्या लावाव्या लागतील," फांग म्हणाला. "माझ्याकडे बांबूच्या पण आहेत. उकळायला टाकू?"

"तुझ्याकडे? बांबू?"

"सात आहेत."

"शोभेला ठेवल्या असशील. नको. तुझ्या हातचा बांबू मला चालायचा नाही. जे लोकांना लावतोस तेच लाव. बघू तरी ते काय भोगतात."

काही बोलायचे असल्यासारखे फांगने तोंड उघडले आणि मिटले. "तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला आणि पंप आणायला गेला.

दहा पेले लागले. पंपाचा आवाज सायकलच्या दुकानासारखा होता, एवढाच दोष पेईंना सापडला. ओढ जिथे हवी तिथेच होती; जास्त नाही, कमी नाही. पंधरा मिनिटांनी फांगने पेले उतरवले आणि म्हणाला, "हात वर करा."

हात कानापर्यंत गेला. मग कानाच्याही वर गेला. पेईंनी तो चोरी पकडल्यासारखा झटकन खाली घेतला.

"तीन वेळा यावं लागेल. डाग गेले की पुन्हा. सहा दिवसांनी यायला हवं, पण तुमचं वय बघता आठ-नऊ दिवस गेले तरी चालतील."

"सहा दिवसांत डाग जातात?"

"जातात ना, उस्ताद."

"प्लास्टिकचे."

फांग पेले धुवायला वळला होता. "हो," तो पाठमोराच म्हणाला. "प्लास्टिकचे. आणि आज आंघोळ नको."

"हे मला सांगतोस? तुला कुणी शिकवलं?"

त्या दिवशी पेई न्हाणघरात गेले नाहीत, कारण जायचे नव्हते. दुसऱ्या दिवशी गेले नाहीत, कारण पाठीवर दोन सरळ रांगा होत्या. तिसऱ्या दिवशी न्हाणघरात त्यांच्याबद्दल बोलणे सुरू झाले. अडतीस वर्षांत पेई तीन दिवस सलग चुकले होते ते फक्त वडील वारले तेव्हा.

युनशीत बातमी पसरायला वाफेइतकाच वेळ लागतो. चौथ्या दिवशी सकाळी शेजारची नूडलवाली खडीसाखर घालून शिजवलेल्या नासपती घेऊन आली.

"खोकला आहे का, पेईकाका?"

"नाही."

"छातीत?"

"काही नाही. ठणठणीत आहे."

"हो, हो. घरची माणसं तसंच सांगतात." ती भिंतींकडे पाहत राहिली. "जागा छान आहे तुमची. पुढेमागे भाड्याने द्यायची झाली, तर आधी आम्हाला सांगा हं. म्हणजे तसं काही व्हावं असं नाही म्हणत मी."

दुपारी ब्येन आणि च्याओ मास्तर आले आणि आजाऱ्याच्या खोलीत बसतात तसे खुर्चीच्या कडेवर बसले. पेईंनी त्यांच्यादेखत उजवा हात उंच केला, वरचा खण ओढला, ढकलला, पुन्हा ओढला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. जाण्याआधी माणसाला अशी तरतरी येते, हे दोघांनीही आपापल्या वडिलांच्या वेळी पाहिले होते.

"दमू नकोस," ब्येन हळूच म्हणाला. "बस तू. बस."

नेहमीचे रोगी येईनासे झाले. डॉक्टरलाच बरे नसताना त्यांना कशाला त्रास द्यायचा, असे म्हणून ते अत्यंत आदराने बस स्टँडकडे जाऊ लागले. खांदा धरला होता तोवर पेईंचा एकही रोगी कमी झाला नव्हता. तो सुटू लागला आणि चार दिवसांत अर्धा दवाखाना रिकामा झाला. आपण ठणठणीत आहोत हे सिद्ध करायला पाठ दाखवायला हवी होती, आणि पाठ दाखवली असती तर चौदा वर्षांच्या शब्दाला काही अर्थ उरला नसता. पेईंनी दोन आरसे समोरासमोर धरून पाहिले. डाग अजून स्वच्छ दिसत होते. पाचव्या दिवशी पुसायचे म्हणजे उद्या पुसायला हवे होते, पण त्यांची तशी काही तयारी दिसत नव्हती.

"म्हातारे," ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "बांबू उकळ. तू लावायच्या आहेस."

"मी सांगितलं ना..."

पेईंनी सदरा वर केला. सूचनने हात पुसले, चष्मा लावला आणि बोटाने मोजले. दहापर्यंत येता येता तिला हसू आवरेना. शेवटी ती भाजीच्या टोपलीजवळच्या स्टुलावर बसली.

"दहा! आणि रांगेत! बस स्टँडवरचे!"

"हसू नकोस. यांच्यावर माझे सात लाव. म्हणजे खालचे दिसणार नाहीत."

"डागावर डाग? रोग्याला तू हे कधी करू देशील का?"

"मी रोगी नाही."

तिने पुन्हा हसायला सुरुवात केली, पण तुंबड्या उकळल्या. चिमटा तिने साप धरावा तसा धरला. तीन लागल्या, एक निसटली, पुन्हा लागली. सहा झाल्यावर ती थांबली.

"सातवी डावीकडे, नाही का? एवढी वर्षं विचारेन म्हणते. डावीकडे का रे?"

पेई पालथे होते. उशीतून त्यांचा आवाज आला. "पहिल्या वर्षी खाट भिंतीला लावलेली होती. एकाच बाजूने वाकावं लागायचं. मानेपर्यंत हात तिरका पडायचा. मग सवयच झाली."

"म्हणजे शास्त्र नाही?"

"खाट," पेई म्हणाले. मग ते ओरडले, कारण सातवी तुंबडी पुरेशी झटकली गेली नव्हती.

मध्ये एक दिवस सोडून ते न्हाणघरात गेले. आत पाऊल टाकताच बोलणे थांबले. त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला आणि हौदाकडे चालत गेले. कुणीतरी श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. दहा तपकिरी वर्तुळांवर सात जांभळी-काळी वर्तुळे बसली होती, कुठे अर्धी, कुठे पूर्ण, आणि मानेखाली डावीकडे एक फोड. अशी पाठ युनशीत कुणी पाहिली नव्हती. ती वाचणाऱ्याला एकच अर्थ लागत होता, आणि तो अर्थ नूडलवालीच्या बाजूचा होता.

पेईंनी पाण्याची बादली उजव्या हाताने उचलली, डोक्याच्याही वर नेली आणि सावकाश ओतली. मग पुन्हा भरून पुन्हा ओतली. हाताकडे कुणाचेच लक्ष नव्हते.

"झोपा, पेईकाका," तुंग म्हणाला.

ते फळीवर पालथे झाले. तुंगने हाताला कापड गुंडाळले, पाठीवरून एकदा अगदी हलके फिरवले, आणि वजनकाट्यावरचा आकडा सांगावा तशा आवाजात म्हणाला, "खाली दहा. वर सात. दहा बस स्टँडचे, सात घरचे. सात वहिनींनी लावलेत, एक पोळलंय. रोग काही दिसत नाही."

त्या खोलीत शब्द घुमत असे. हौदातून ब्येन ताडकन उभा राहिला. तीन-चार दिवस मित्राच्या मरणाची तयारी केलेल्या माणसाचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"च्यायला, पेई! म्हणजे तूही फांगकडे जातोस?"

पेईंनी मान वळवली. "तूही म्हणजे?"

ब्येनने च्याओ मास्तरांकडे पाहिले. मास्तर नाकापर्यंत पाण्यात गेले होते.

"तूही म्हणजे काय, ब्येन?"

"दर बुधवारी जातो," ब्येन अखेर म्हणाला. "पाच वर्षं झाली."

"तुझ्या पाठीवर माझ्या सात आहेत!"

"फांगच्या आहेत. त्याने वेगळ्या ठेवल्यात बांबूच्या, आमच्यासाठी. सातवी बोटभर डावीकडे लावतो, तुझ्यासारखी. तोच म्हणाला, उस्तादांना कळता कामा नये."

"पण मी लावतो ना तुला! दर महिन्याला!"

"तुझ्या गळून पडतात रे," ब्येन म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता, पण खोलीत सगळ्यांनाच ऐकू जात होते. "चिमट्यातून पाठीवर येईपर्यंत थंड होतात. तुझा हात मंदावलाय. तू वळलास की मी त्या हाताने धरून ठेवायचो. पण पालथ्या माणसाचा हात कितीसा पोचणार? खालच्या दोन धरायचो, वरच्या जायच्या. तुझे डाग तिसऱ्या दिवशी दिसायचे नाहीत. मग बुधवारी फांग लावायचा."

तुंगने पाठीवर कोमट पाणी ओतले.

"आणि करडईची फुलं?" पेईंनी विचारले.

"कसली फुलं?" ब्येन म्हणाला.

"अजून कोण कोण जातं?"

वाफेत कुणीतरी खाकरले. मग हौदातली, बाकांवरची, नळाखालची सगळी माणसे एकेक करून सरकली आणि भिंतीला टेकून बसली. त्या न्हाणघरात प्रथमच कुणाचीही पाठ दिसत नव्हती.

पहिल्या खेपेनंतर नवव्या दिवशी पेई पुन्हा बस स्टँडवर गेले. या वेळी भर सकाळी, टोपी न घालता, नूडलवालीच्या दुकानावरून. फांगकडे तीन रोगी बसले होते. त्यांतले दोघे पेईंचे होते. ते उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. पेईंनी आपला नंबर येईपर्यंत वाट पाहिली.

"बांबू उकळ," आत गेल्यावर ते म्हणाले.

फांगने त्यांच्याकडे पाहिले. मग कपाटाच्या मागून एक मडके काढले. थोड्या वेळाने खोलीत वास भरला: आले, नागदवणा, जुनी साल. पेईंनी हुंगले.

"करडई घालत नाहीस?"

"तुम्ही मला शिकवलं तेव्हा नव्हती, उस्ताद."

"घालू नकोस. काही होत नाही तिने."

ते पालथे झाले. फांगने फोडाची जागा बोटाने चाचपून पाहिली, ती सुकली होती. पहिली तुंबडी लागली, मग दुसरी. चिमट्यातून पाठीवर येईपर्यंत एकेका तुंबडीला एक श्वास लागत होता. पेई मोजत होते. आपल्याला किती श्वास लागतात, हे त्यांनी गेल्या पाच वर्षांत मोजले नव्हते. सहा लागल्या. सातवी लागेना.

"काय झालं?"

"फोड डावीकडेच आहे, उस्ताद. जरा वर घेतो."

"मध्यावर लाव."

"पण तुमची पद्धत..."

"पद्धत नाही ती. खाट भिंतीला लावलेली होती."

फांगने चौदा वर्षे, आणि त्याआधीची नऊ, त्या बोटभर अंतराचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला असावा. चिमटा हवेत तसाच राहिला होता.

"थंड झाली," तो म्हणाला. "पुन्हा बुडवतो."

"बुडव. आणि सरळ मध्यावर लाव. कुणाच्या हातची आहे ते लोकांना कळायला हवं."

सातवी तुंबडी कण्यावर मधोमध बसली आणि तिने घट्ट धरले.

पुन्हा मध्ये एक दिवस सोडून, दुपारी तीन वाजता, पेई न्हाणघरात गेले. मंडळी अजूनही भिंतीला टेकून होती. पेईंनी टॉवेल ठेवला आणि सर्वांकडे पाठ करून उभे राहिले. घाई केली नाही. तुंग जवळ आला.

"सात," तो म्हणाला. "बांबूच्या. सातवी मध्यावर."

सगळ्यांनी पाहिले, वाचले, आणि खोलीत हळूहळू सुटकेची हवा पसरली.

"वहिनींचा हात तुझ्यापेक्षा सरळ आहे रे," ब्येन म्हणाला.

"आणि या वेळी पोळलंही नाही," च्याओ मास्तर पाण्यातून डोके वर काढत म्हणाले. "शिकल्या की."

"बाईमाणसाच्या हाताला गुण असतो," कोपऱ्यातून कुणीतरी पुस्ती जोडली, आणि त्यावर कुणाचेच दुमत झाले नाही. एवढी सोयीची पाठ गावात बऱ्याच दिवसांत कुणी पाहिली नव्हती. पेईंनी फक्त गप्प राहायचे होते. त्यांचा शब्द शाबूत राहिला असता, ब्येनचे बुधवार शाबूत राहिले असते, आणि तीन दिवसांनी गल्लीत रांगही लागली असती.

"सूचनने नाही," पेई म्हणाले. "फांगने लावल्या. सातवी मध्यावर लाव असं मी सांगितलं."

नळ टपकत होता.

"हे कशाला सांगायचं होतंस?" ब्येन वैतागून म्हणाला. "आम्ही जमवत आणलं होतं सगळं."

"पट्ट्यांच्या दिवशी या. पट्ट्या मी लावीन. वरचा खण हाताला लागतो आता. तुंबड्या लावायला फांग माझ्याकडे येणार आहे. ज्याला प्लास्टिक हवं त्याला प्लास्टिक."

"येणार म्हणाला तो?"

"अजून विचारलं नाही. येईल."

च्याओ मास्तरांनी चेहऱ्यावरचे पाणी पुसले. भूगोल सोडल्यानंतर प्रथमच त्यांना प्रश्न विचारावासा वाटला. "मग बांबूचा डाग नक्की किती दिवस टिकतो, पेई?"

"सहा."

"आणि प्लास्टिकचा?"

"सहा."

मास्तरांनी मान हलवली, जणू हे त्यांना ठाऊकच होते. आणि खरोखरच होते. मग ब्येन भिंतीपासून सुटला आणि पेईंकडे पाठ करून हौदाच्या कडेकडे वळला. त्याच्यामागोमाग मास्तर वळले, मग नळाखालचा, मग बाकांवरचे. पेई फळीजवळ उभे राहून पाहत होते. सोळा-सतरा पाठी होत्या. बहुतेक सर्वांवर सात वर्तुळे होती आणि अशा प्रत्येक पाठीवर सातवे वर्तुळ बोटभर डावीकडे होते. सगळी अगदी एकसारखी. पेईंना स्वतःला ती इतकी एकसारखी कधीच जमली नव्हती.